सारवण्याआधी पंचनामा

ताई, सादर नमस्कार.

इंदूरला रामबागेत वडिलांच्या वेळेपासून आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर. त्यातल्या ज्याच्यावर हिशोबाचं टॅली आहे त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो. शिवाय वायफाय, चार कॅमेरे, एक प्रिंटर. आठ-दहा दिवस झाले, नेट रखडतंय. परवा एक फाइल राहिली म्हणून रात्री साडेदहाला ऑफिस उघडलं. बाकी सगळं बंद, सर्व्हर तेवढा नेहमीसारखा चालू, आणि राउटरचे दिवे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकत होते. मोबाइलवर राउटरचं पान उघडलं तर यादीत दोन अनोळखी उपकरणं. दुसऱ्या दिवशी इंटरनेट कंपनीच्या नावाने ईमेल आला की तुमच्या लाइनवरून संशयास्पद हालचाल होते आहे, चोवीस तासांत खालच्या लिंकवर जाऊन खात्री करा, नाहीतर लाइन बंद होईल.

भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, 'मामा, सगळं फॉरमॅट मारून टाकू.' हार्डवेअरवाला म्हणतो, राउटर रिसेट करा. बायको म्हणते, पोलिसांत जा. वडील म्हणतात, कुणाला बोलू नकोस, पक्षकार जातील. ऑडिटचे दिवस आहेत. मी अजून काहीच केलेलं नाही. आधी काय करू?

— एक करसल्लागार, इंदूर

•

भाऊ,

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य म्हणजे 'मी अजून काहीच केलेलं नाही'. तुम्ही ते ओशाळून लिहिलंय, पण अशा प्रसंगात पहिल्या तासात जितकं नुकसान चोर करत नाही तितकं घरचे लोक मदतीच्या उत्साहात करतात.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला चार ओळी कळवल्या होत्या: पडद्यांचे फोटो काढा, मग सर्व्हरची नेटची केबल काढा, वीज बंद करू नका, आणि त्या ईमेलमधल्या लिंकला हात लावू नका. त्यानंतर तुमचे दोन निरोपही आले. तरी सविस्तर लिहिते आहे, कारण पाच कॉम्प्युटर आणि एका 'सर्व्हर'वर चालणारी ऑफिसं इंदुरात गल्लोगल्ली आहेत आणि त्या प्रत्येकाला एक भाचा असतोच.

इंदूरकराचा हात आधी झाडूकडे जातो. २०१७ साली स्वच्छतेत शहराचा देशात पहिला नंबर आला, तेव्हापासून तर कचरा दिसला की ओला कुठला आणि सुका कुठला हे पाच वर्षांचं पोरही सांगतं. चांगलीच सवय आहे. पण घरात चोरी झाली तर आपण लगेच फरशी पुसायला घेतो का? आधी पंचनामा होतो. कुलूप कसं तुटलं, पावलं कुठल्या दारापर्यंत गेली, काय जागेवर आहे, काय नाही. सारवण त्यानंतर. भाच्याचं 'फॉरमॅट मारू' आणि हार्डवेअरवाल्याचं 'रिसेट करा' हे दोन्ही सारवणच आहे. ते करायचंच आहे, पण आज नाही.

आधी त्या ईमेलकडे बघू. इंटरनेट कंपन्या अशा सूचना खरोखर पाठवतात. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे (तेही २०१७ चंच, फेब्रुवारीतलं, इंदूरशी हा निव्वळ योगायोग). बॉटनेट म्हणजे मालकाच्या नकळत परक्याच्या हुकुमावर चालणाऱ्या मशिनींचा तांडा. त्यात आपली मशीन सापडली तर ते केंद्र इंटरनेट कंपन्यांमार्फत आपल्याला कळवतं आणि साफ करायची साधनं फुकट देतं. तेव्हा सूचना खरी असू शकते. पण 'चोवीस तास', 'खालची लिंक' आणि 'लाइन बंद' ही त्रिसूत्री ठगांचीही आवडती आहे. म्हणून उत्तर द्यायचं ते आपल्या वाटेने. नेटच्या जुन्या बिलावर जो ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतो, त्यावर स्वतः फोन करायचा आणि विचारायचं की माझ्या खात्यावर अशी नोंद आहे का, असेल तर किती वाजताची आणि कुठल्या प्रकारची. तुम्ही विचारलंत आणि नोंद खरी निघाली. तरीही लिंक दाबायची नव्हतीच.

मग ती दोन अनोळखी उपकरणं. इथे निम्मे लोक घाबरून जातात, आणि बहुतेक वेळा उगाच. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा जन्मजात क्रमांक, न सांगता एक बनावट पत्ता सांगतात. खासगीपणासाठी केलेली सोय आहे ती. त्यामुळे आपलाच फोन यादीत परका दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे: मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बहुधा असा बनावटच असतो. तुमच्या यादीतला एक वहिनींचा नवा फोन निघाला आणि दुसरा कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, ज्याला कुणी कधी नावच दिलं नव्हतं. साप म्हणून भुई धोपटायची वेळ टळली. डीव्हीआरकडे मात्र परत येऊ, तो पूर्ण निर्दोष नाही.

लुकलुकणारे दिवेही एरवी फारसं काही सांगत नाहीत. विंडोजचं अपडेट, ड्राइव्हवर चढणारा बॅकअप, मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारी सेवा, कुणीतरी लावून ठेवलेला टॉरेंट, कशानेही ते नाचतात. पण सराफ्याची गोष्ट वेगळी. तिथे दिवसा सोनं आणि रात्री भुट्ट्याचा कीस, म्हणून रात्री अकराला गर्दी असते. तुमचं ऑफिस सराफा नाही. चार पीसी बंद असताना एकट्या सर्व्हरवरून रात्री साडेदहाला एवढी ये-जा का, हा प्रश्न रास्त होता. त्यात कंपनीची नोंद खरी निघाली, तेव्हा संशयाला आधार मिळाला.

तुमच्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला कॉम्प्युटरच्या कामाला बसवलं होतं. तेव्हा कॉम्प्युटरच्या वेळेचं बिल आकारलं जाई, आणि त्या हिशोबात ७५ सेंटचा फरक येत होता. दुसरा कुणी असता तर किरकोळ म्हणून सोडून दिलं असतं. यांनी धागा धरला आणि महिनोन् महिने ओढत पार जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत नेला. तिथला एक माणूस अमेरिकन लष्करी कॉम्प्युटरांत शिरून मिळालेला माल केजीबीला विकत होता. स्टॉलनी त्याला लगेच हाकलला नाही. आत येऊ दिला आणि त्याने दाबलेली प्रत्येक कळ प्रिंटरवर छापून घेतली. ताळा जुळत नाही म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे, हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण त्यांचा दुसरा भाग, चोराला आत ठेवून पाळत ठेवण्याचा, तुम्ही करू नका. तुमच्या सर्व्हरवर लोकांचे पॅन, आधार आणि बँक खाती आहेत. तुमच्यासाठी नियम सोपा: फोटो काढा आणि दार लावा.

फोटो कशाचे, ते सांगते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने, कारण सर्व्हरवरच स्क्रीनशॉट साठवणं म्हणजे चोराच्या हाती पंचनामा देणं. राउटरच्या पानावरची जोडलेल्या उपकरणांची यादी, त्याचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, आणि बाहेरून येणारी वाट आतल्या कुठल्या मशीनकडे वळवली आहे ते दाखवणारं 'पोर्ट फॉरवर्डिंग' हे पान. घरगुती राउटरांमध्ये लॉग बहुधा तात्पुरत्या मेमरीतच असतो, डबा बंद केला की गेला. आणि रिसेटने तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या नोंदीही उडतात. हार्डवेअरवाल्याचं ऐकलं असतंत तर तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा त्याच बटणाखाली गेला असता.

सर्व्हरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटस्टॅट' लिहायचं, एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून ए-एन-ओ ही तीन इंग्रजी अक्षरं. त्या क्षणी मशीन कुणाकुणाशी बोलते आहे त्याची यादी येते, शेवटच्या रकान्यात प्रत्येक जोडणीमागच्या प्रोग्रामचा क्रमांक. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये तोच क्रमांक शोधला की नाव सापडतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरचे. बाकीच्यांचे फोटो घ्या. अर्थ नंतर लावता येईल, केबल काढल्यावर ही यादी राहत नाही.

या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात. मात्र फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील, उघडेनाशा होत असतील किंवा माउसचा बाण आपोआप फिरत असेल, तर फोटोबिटो राहू दे. आधी केबल.

केबल म्हणजे नेटची, विजेची नाही. यावर मी जरा अडून बसते, कारण घाबरलेला माणूस पहिला हात स्विचबोर्डावर टाकतो. मशीनच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, जे असतं ते वीज गेली की नाहीसं होतं: चालू असलेले प्रोग्राम, उघड्या जोडण्या, कधीकधी किल्लीसुद्धा. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला आणि त्याने लाखो मशिनींतल्या फाइली कुलूपबंद केल्या. पुढच्या आठवडाभरात आद्रियाँ गिने या फ्रेंच संशोधकाच्या लक्षात आलं की कुलपाची किल्ली ज्या मूळ संख्यांपासून बनते त्या संख्या जुन्या विंडोजच्या मेमरीत तशाच पडून राहतात. त्यावरून साधनं निघाली आणि काहींच्या फाइली फुकटात सुटल्या. पण कुणाच्या? ज्यांनी मशीन बंद करून परत चालू केली नव्हती त्यांच्या. नंतरच्या व्हायरसांनी ही चूक सुधारली असेल, तरी मेमरीतून इतरही पुष्कळ कळतं. हां, फाइली कुलूपबंद होत आहेत आणि काही केल्या थांबत नाहीत, तर वीज तोडा. पुराव्यापेक्षा हिशोब मोठा.

सर्व्हरबरोबर आणखी दोन गोष्टी सुट्या करायच्या. एक, बॅकअपची बाहेरची डिस्क. ती महिनोन् महिने सर्व्हरच्या पाठीला लटकलेली असते आणि तिजोरीची किल्ली तिजोरीलाच अडकवून ठेवावी तशी तिची गत होते. दुसरी, डिजिटल सिग्नेचरचे डोंगल. ऑडिटच्या दिवसांत एक तरी डोंगल यूएसबीत रुतलेला असतो, आणि पिन 'लक्षात ठेवा' करून सेव्ह केलेला. म्हणजे दूरवर बसलेल्याला तुमच्या नावाने सही करायची पूर्ण सोय. तुम्ही लिहिलंत की दोन डोंगल निघाले, त्यातला एक एका पक्षकाराचा. तो पुडक्यात घालून ठेवलात, ठीक केलंत. पण त्यांना सांगायचंही आहे.

फायबरची बारीक वायर मात्र उपसू नका. नाजूक असते, वाकली की पुन्हा कंपनीचा माणूस येईपर्यंत खोळंबा. मशिनींच्या केबल काढल्या की काम झालं.

आता माझीच फजिती. फार वर्षांपूर्वी मी एका कचेरीचं नेटवर्क सांभाळत असे. एका सोमवारी मेलचा सर्व्हर रात्रभर परदेशात काहीबाही धाडत असल्याचं दिसलं. साहेब डोक्यावर उभे. मी दुपारपर्यंत डिस्क पुसली, सगळं नव्याने घातलं, बॅकअपमधून खाती परत आणली आणि संध्याकाळी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली. तीन आठवड्यांनी तोच सर्व्हर, तोच धंदा. यावेळी लॉग पुसले नाहीत, तेव्हा कळलं की आत शिरायला वापरलं होतं नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाचं खातं. पासवर्ड त्याच्या नावाइतकाच सोपा. आणि ते खातं पहिल्या वेळी बॅकअपमधून इमानाने परत आणणारी मीच. कचोरीचे पैसेही माझेच गेले.

तर लॉग. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' असतं, त्यात 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिक्युरिटी'. तिथे उजवं बटण दाबून 'सेव्ह ऑल इव्हेंट्स अ‍ॅज' म्हणायचं आणि कोऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचं. पेनड्राइव्ह नवा घ्या, आणि तो नंतर ऑफिसातल्या दुसऱ्या कुठल्याही पीसीला टोचू नका. हे काम पहिल्याच दिवशी का? कारण हा लॉग साधारणपणे २० एमबीचाच असतो. भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. कुणी बाहेरून सतत पासवर्ड ठोकत असेल तर त्या ठोकण्याच्या नोंदींनीच तो भरतो आणि ज्या दिवशी दार उघडलं ती नोंद वाहून जाते. आज उद्या करता करता पुरावा आपोआप संपतो.

त्यात क्रमांक बघायचे. ४६२५ म्हणजे पासवर्ड चुकला. ४६२४ म्हणजे आत शिरला. त्याच्या तपशिलात 'लॉगऑन टाइप' १० असेल तर रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुरून. आणि ११०२ दिसला तर कुणीतरी लॉगच पुसला आहे, म्हणजे आलेला पाहुणा सराईत.

तुम्ही फोटो पाठवलेत त्यात ४६२५ च्या रांगाच रांगा आहेत. वेगवेगळ्या नावांनी, रात्रंदिवस. मग पोर्ट फॉरवर्डिंगचा फोटो पाहिला आणि उलगडा झाला: पोर्ट ३३८९ थेट सर्व्हरकडे वळवलेला. हा रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा. टॅली बसवून देणाऱ्या मुलाने 'घरूनही काम करता येईल' म्हणून उघडून दिला असेल, आणि तुम्हाला सोय झाली म्हणून तुम्ही त्याला दुवा दिला असेल. त्याच्यावर चिडू नका, निदान आत्ता नको. त्याने केव्हा आणि काय केलं ते आधी त्याच्याकडून लिहून घ्या. इंटरनेटवर दिवसरात्र असे दरवाजे हुडकत फिरणारे प्रोग्राम असतात. तुमचं ऑफिस कुणी निवडून काढलेलं नाही. गल्लीतून जाताना प्रत्येक दाराची कडी हलवून बघणारे ते, तुमची हलली.

त्या फोटोंत एक ४६२४ आहे, टाइप १०, पहाटे पावणेचारची. तुम्ही त्या वेळी झोपला होतात ना? मग आत कुणीतरी आलं होतं असंच धरून चालायचं.

म्हणून पासवर्ड बदलायचे, पण ऑफिसातल्या एकाही पीसीवरून नाही. तिथून बदलणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप लावून किल्ली कुठे ठेवली ते मोठ्याने सांगणं. वायफायवर नसलेला मोबाइल घ्या, त्याचा स्वतःचा डेटा चालू करा आणि सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येतात. 'सगळीकडून लॉगआउट' करायलाही विसरू नका. मग बँक. मग आयकर, जीएसटी, आणि टीडीएसचं पोर्टल ट्रेसेस.

आणि आता जी गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाहीत ती मी विचारते. सर्व्हरच्या डेस्कटॉपवर एक एक्सेल शीट आहे ना? नाव 'पासवर्ड', आत सगळ्या पक्षकारांचे लॉगिन. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक करसल्लागाराकडे आहे. ती शीट परक्याने उघडली की नाही याचा शोध घेत बसू नका, उघडली असंच समजा. प्रत्येक पक्षकाराचा पासवर्ड बदलायचा, आणि पोर्टलवर त्यांचा नोंदलेला मोबाइल, ईमेल आणि परताव्याचं बँक खातं जसंच्या तसं आहे का ते एकेक तपासायचं. कंटाळवाणं काम आहे. भाच्याच्या अंगातली फॉरमॅटची रग इकडे वळवा.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंनी धरले. युक्ती काहीच नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याला पाठ होत्या, त्या लावून बघायचा. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेने साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन नावाच्या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत मोठमोठ्या साइट उघडेनाशा झाल्या. मिराई मेमरीतच राहायचा, डबा बंद-चालू केला की निघून जायचा, आणि पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत यायचा. तुमच्या डीव्हीआरचा पासवर्ड अजून कारखान्याचाच आहे हे तुम्ही हसत हसत लिहिलंत. तोही नेटवरून काढून ठेवा; रेकॉर्डिंग आतल्या डिस्कवर चालूच राहतं. किंबहुना गेल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग काढून घ्या. पावणेचारला ऑफिसात प्रत्यक्ष कुणी नव्हतं, हे सांगणारा तेवढाच साक्षीदार आहे.

वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, फक्त क्रम सांगते. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, आणि तेही मिनिटांच्या हिशोबात, कारण पैसा खात्याखात्यांतून पळत असतो. तुमचे गेलेले नाहीत, तर थोडी उसंत आहे. पण सर्ट-इनला कळवायचं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०बी खाली चालणारी ही केंद्राची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. 'आम्ही कसली कंपनी' म्हणू नका, एकट्याची पेढीही कायद्याच्या व्याख्येत येते. सहा तास उलटून गेले असतील तरी कळवा. उशीर झाला म्हणून न कळवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. सगळं कळेपर्यंत थांबायचं नसतं, जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगायचं. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार किंवा इंदुरातल्या सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज. जाताना फोटो आणि लॉगची प्रत न्या.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, नमूद करावी लागते. एक भाग तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने. प्रत काढल्याबरोबर हॅश काढून ठेवलीत तर पुढे कुणी 'नंतर बदललं' म्हणू शकत नाही. विंडोजमध्येच 'सर्टयूटिल' या कमांडने ती निघते. हे भाचा पाच मिनिटांत करील.

आता भाच्याला जे हवं आहे ते. ऑडिट तोंडावर आहे, सर्व्हर आठवडाभर कोपऱ्यात ठेवून चालणार नाही, हे मला कळतं. जेल रोडवरून किंवा सिल्व्हर मॉलमधून एक नवी एसएसडी, म्हणजे डिस्क, आणा. पोलीस किंवा जाणकार माणूस येऊन मेमरी बघणार असेल तर तोवर मशीन चालूच ठेवा. कुणी येणार नसेल तर बंद करा, जुनी डिस्क काढा, पाकिटात घाला, तोंड चिकटवून त्यावर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या, आणि पाकीट कपाटात कुलपात. मग नव्या डिस्कवर हवं तेवढं फॉरमॅट मारू द्या त्याला. विंडोज कोरं, सगळी अपडेट घातलेली. टॅलीचा फक्त डेटा परत आणायचा, तोही त्या पहाटेच्या आधीच्या बॅकअपमधून. जुने प्रोग्राम आणि जुनी खाती नाहीत. मधल्या दिवसांच्या नोंदी हाताने घालाव्या लागतील. पोर्ट ३३८९ बंद. घरून काम करायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे नेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, आणि ते बसवायला टॅलीवाला मुलगा नको, नेटवर्कचं काम करणारा माणूस बोलवा. हे झाल्यावर मगच राउटर रिसेट. हार्डवेअरवाल्याला तेव्हा फोन करा, तो खूश होईल. उरलेले चार पीसीही तपासल्याशिवाय या नव्या सर्व्हरला जोडायचे नाहीत.

राहिले वडील. त्यांची भीती खोटी नाही. पक्षकार दोन पिढ्यांच्या विश्वासावर कागद ठेवून जातात, आणि रामबागेत सकाळी निघालेली गोष्ट दुपारी रामबागेतच राहते असं थोडंच आहे. पण पक्षकाराला हे तुमच्या तोंडून कळलं तर तो पासवर्ड बदलेल आणि दोन शब्द बोलेल. परतावा भलत्याच खात्यात गेल्यावर कळलं तर मात्र काही बोलणार नाही, नुसता फाइल उचलून नेईल. ज्यांचे लॉगिन त्या शीटमध्ये होते त्या प्रत्येकाला फोन करा. मेसेज नको, फोन. काय झालं, काय केलंत, त्यांनी काय करायचं, तीन वाक्यांत.

आणि वडिलांना या कामात घ्या. तुम्ही लिहिलंत की ते अजूनही रोजमेळ हाताने लिहितात आणि खाडाखोड केलेली त्यांना चालत नाही. मला असाच माणूस हवा होता. एक कोरी वही द्या. काय दिसलं, किती वाजता, कुणी पाहिलं, कुणी कशाला हात लावला, कुणाला फोन केला, तिकडून काय उत्तर आलं, हे ओळीने, जसं घडलं तसं. अंदाज निराळा, पाहिलेलं निराळं. मधे जागा सोडायची नाही, पान फाडायचं नाही. सायबर पोलीस पहिल्यांदा हेच विचारतात आणि बहुतेकांना सांगता येत नाही, कारण दोन दिवसांत सगळ्या वेळा एकमेकींत मिसळून जातात.

पहिली नोंद तुमचीच आहे, त्या रात्रीची. साडेदहा वाजता कुलूप उघडलं, सर्व्हर चालू सापडला, राउटरचे दिवे लुकलुकत होते. त्याखाली वहिनींच्या फोनचाही उल्लेख येऊ द्या, नाहीतर पुढे कुणीतरी त्यालाच चोर ठरवायचा.